मरोळचा टेनर

बेनी मास्टर नवीन माणूस भेटला की आधी त्याच्या गळ्याकडे बघत. चेहऱ्याकडे नंतर, आणि तेही गरज वाटली तर. मरोळच्या गावठाणात त्यांच्या घराची माडी भाड्याने बघायला आम्ही गेलो, तेव्हा ते अंगणात वेताच्या खुर्चीत बसले होते. माझे मिस्टर माहुलच्या रिफायनरीत शिफ्टला, मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात टायपिस्ट, दोघांचंच बिऱ्हाड, असं सगळं मी घडाघडा सांगून टाकलं. माझं संपल्यावर ते म्हणाले, "सावंतबाई, तुम्ही गाता?"

"नाही हो. देवापुढे आरती, तेवढंच."

"तीही हळू म्हणा. तुमचा आवाज घशातच मेलाय. माडी तुमची."

माडी बघून जिना उतरेपर्यंत मी हसत होते. उतरल्यावर लक्षात आलं, की आपल्याला काहीतरी लागलंय.

त्यांचं पूर्ण नाव बेनेडिक्ट क्रॅस्टो. मूळचे मरोळचेच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे जुने मराठी ख्रिस्ती. वडिलांची भातशेती होती, तिच्यावर आता कारखान्यांचे पत्रे चढले होते. मास्टर ऑपेरातले गायक. ऑपेरा म्हणजे गोऱ्या लोकांचं संगीत नाटक, असं मी एकदा म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या नाटकात नायक ज्या उंच पुरुषी आवाजात गातो त्याला टेनर म्हणतात, आणि मास्टर टेनर होते. विशीत असताना चर्चमध्ये त्यांचं गाणं ऐकून एका परदेशी फादरने त्यांना बोटीने इटलीला पाठवलं. सहा वर्षं ते तिथे राहिले. परत का आले, याचं उत्तर ते माणूस बघून देत. फादरना सांगत, आई आजारी पडली. शेजाऱ्यांना सांगत, तिथली थंडी सोसली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथे माशांना चव नाही."

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते पंचावन्नचे होते. उंच, पोट पुढे, केस काळे केलेले, गळ्याला भर उन्हाळ्यातही रेशमी रुमाल. सकाळी सहाला अंगणात येऊन ते एकच सूर लावत. तो सूर खालून निघून वर चढायला लागला की कावळे उडायचे आणि माझ्या हातातलं लाटणं थांबायचं. माझ्या कानाला ते गाणं काही कळत नव्हतं, पण इतका मोठा, इतका स्वच्छ आवाज माणसाच्या छातीत मावतो, हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं. सूर लावून झाला की ते ओरडत, "फिलू, चाय!"

फिलू म्हणजे फिलोमिना, त्यांची बायको. आम्ही सगळे तिला आंटी म्हणायचो, ती मला नुसतं सुलभा म्हणायची. लग्नात माहेरून पियानो घेऊन आलेली. मास्टरांचे विद्यार्थी यायचे तेव्हा पियानो आंटीच वाजवायची, पाठ वळवून, एक शब्द न बोलता. तिला गाता येत होतं की नाही हे मला कधीच कळलं नाही. त्या घरात एकच माणूस गात असे.

मास्टर चर्चच्या कॉयरचे, म्हणजे तिथे एकत्र गाणाऱ्यांच्या मंडळाचे, प्रमुख होते. आंटीच्या थोरल्या भावाचं नाव जो, तो त्या कॉयरमध्ये लहानपणापासून गायचा. रिटायर्ड फिटर, साधा माणूस, सूर जरा हलायचा. एका रविवारी तालमीत मास्टरांनी सगळ्यांसमोर त्याला थांबवलं आणि म्हणाले, "जो, उद्यापासून तू फक्त तोंड उघडायचं. आवाज काढायचा नाही. तू गातोस ते देवाला माहीत आहे, लोकांना कशाला सांगतोस?"

सगळे हसले. जोही हसला. आणि पुढची चार वर्षं तो कॉयरमध्ये दर रविवारी उभा राहून नुसतं तोंड हलवत राहिला. ईस्टरला, नाताळला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. समोरच्या बाकावर त्याची नातवंडं बसायची आणि आजोबा गातात म्हणून खूश व्हायची. हे मला आंटीने सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, अगदी सपाट आवाजात.

जो वारला तेव्हा मीही चर्चमध्ये गेले होते. मास्टर शवपेटीजवळ उभे राहून गायले. काय गायले! माझ्या शेजारची म्हातारी हुंदके देत होती, मी स्वतः पदर डोळ्यांना लावला, फादरचाही आवाज कापला. दफन झाल्यावर आम्ही परत येत होतो. मास्टर माझ्या बाजूने चालत होते. रुमालाची गाठ सैल करत ते म्हणाले, "चला. एक तोंड कमी झालं."

अशा माणसाकडे मी विलास परबला का नेलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय.

विलास आमच्या वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, मालवणकडचा, घाटकोपरला भावाकडे राहायचा. खंडेनवमीला आम्ही मशिनांची पूजा करायचो, झेंडू, नारळ, पेढे. त्या वर्षी कोणीतरी विलासला भजन म्हणायला लावलं. माईक नव्हता. त्याने डोळे मिटून सुरुवात केली आणि बाहेर रस्त्यावरचे हातगाडीवाले दारात येऊन उभे राहिले. मला तो आवाज ऐकून एकदम सकाळचं अंगण आठवलं. घरी जाऊन मी उत्साहाने मास्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "भजनवाले सगळे बोंबलतात." पण चारच दिवसांनी ते दुपारी आमच्या वर्कशॉपच्या दारात हजर. सुटाबुटात, रुमाल लावून. सरळ विलासच्या लेथपाशी गेले, मशीन बंद करायला लावलं आणि म्हणाले, "तिकडच्या टोकाच्या माणसाला हाक मार."

विलास माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. त्याने हाक मारली. मास्टरांनी दहा-बारा वेळा मारायला लावली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवार, बुधवार, शुक्रवार. संध्याकाळी पाच."

विलास घाबरला होता. "बाई, माका खंय इंग्लिश येता?"

"इंग्लिश नाही रे, इटालियन."

"मगे तर झालाच!"

पण तो आला. अडीच वर्षं आला. इटालियन शब्द मी त्याला देवनागरीत एका दोनशेपानी वहीत लिहून द्यायचे, मास्टर सांगत तसे. एकदा त्याने विचारलं, "मास्तर, ह्याचा अर्थ काय?" मास्टर म्हणाले, "तुला अर्थ कशाला हवा? तुझ्या लेथला कळतं का ते काय कापतं?"

ते त्याला उभं करून पोटावर लाकडी पट्टी मारत. "इथून! श्वास इथून! पोट कुठे आहे तुझं? गरिबाला देवाने पोटच दिलं नाही!" त्याचं लोणचं बंद, चिंच बंद, थंड पाणी बंद. तो बोलला की त्याच्या हेलाची नक्कल करत आणि इतर विद्यार्थी, कॉलेजातली मुलंमुली, खिदळत. विलास खाली मान घालून उभा राहायचा आणि हसणं संपलं की पुन्हा गायचा. मला वाईट वाटायचं, पण मी मनाची समजूत घालायचे, की शिकवणं असंच असतं. कडक मास्तराच्या हाताखालीच माणूस घडतो, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. आणि विलास घडत होता हे खोटं नव्हतं. त्याची छाती रुंद झाली, तो मान वर करून चालायला लागला. एकदा ऑफिसात पगाराच्या रांगेत उभा असताना म्हणाला, "बाई, गाताना माका वाटता मी कोणतरी मोठो माणूस आसंय."

एका शुक्रवारी मी माडीच्या कठड्याशी कपडे काढत होते. खाली खिडकी उघडी होती. विलास एका गाण्याच्या शेवटाला आला. तिथे एक फार उंच सूर होता, मास्टर त्याला वरचा सी म्हणत. आजवर विलास तिथे अडखळायचा. त्या दिवशी तो वर गेला आणि तिथेच राहिला. किती वेळ, काय माहीत. आवाज ताणलेला नव्हता, ओरडलेला नव्हता. पहाटेच्या मास्टरांच्या सुरापेक्षा तो मोठा होता, आणि मोठा असून मऊ होता. मला गाण्यातलं कळत नसतानाही ते कळलं.

पियानो थांबला. मग मास्टर बाहेर आले, अंगणातल्या विहिरीपर्यंत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. बराच वेळ. परत आत जाऊन म्हणाले, "ठीक. नाकातून येतोय."

त्यानंतर काही महिन्यांनी बातमी आली, की इटलीहून एक नामांकित गानशिक्षिका मुंबईत येणार आहेत. फोर्टातल्या एका हॉलमध्ये इथल्या गायकांना ऐकणार आणि एकाला तिकडे शिकायला नेणार, सगळ्या खर्चासकट. मास्टरांनी स्वतःच्या हाताने विलासचं नाव पाठवलं. मी त्यांच्याविषयी मनात जे जे आणलं होतं त्याची मला लाज वाटली.

ऐकवणं रविवारी होतं. त्याच्या आदल्या सोमवारपासून मास्टरांनी विलासला रजा काढायला लावली. सकाळी नऊ ते एक, पूर्ण आवाजात. जेवण, मग परत तीन ते सहा. तेच गाणं, तोच वरचा सी. बुधवारी विलासला सर्दी झाली. गुरुवारी त्याला थोडा ताप होता. माझी त्या आठवड्यात रजा होती, म्हणून मी सगळं ऐकत होते. शुक्रवारी दुपारी आवाज खरखरायला लागला तेव्हा आंटी पहिल्यांदा बोलली.

"बेनी, परवा गायचंय त्याला. घसा राहू दे."

"घसा ठेवून दिला की गंजतो."

"त्याच्याने होत नाहीये."

"तू वाजव."

पियानोच्या स्टुलाचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. आंटी उठून स्वयंपाकघरात गेली. चार वर्षांत ती कधी अशी उठली नव्हती. मग मास्टर स्वतः एका बोटाने सूर दाबायला लागले. "परब, पुन्हा."

शनिवारीही तेच. सोळा वेळा मी मोजलं, मग मोजायचं सोडलं. मी पोळ्या लाटत होते. जिना बारा पायऱ्यांचा होता. खाली जाऊन मी म्हणू शकले असते, की पुरे झालं, तो माझा माणूस आहे, मी आणलाय. मी स्वतःला सांगितलं, मास्टर आहेत ते, त्यांना कळतं. आणि पोळ्या करून डबा झाकला.

रविवारी अकरा वाजता विलास त्या हॉलच्या स्टेजवर उभा राहिला. मास्टरांचा जुना काळा कोट त्याने घातला होता, बाह्या त्याच्या बोटांपर्यंत आल्या होत्या. मी आणि आंटी मागे बसलो होतो, मास्टर दुसऱ्या रांगेत. पियानोला हॉलवाल्यांचाच कोणी माणूस होता. पहिलं गाणं त्याने कसंबसं सांभाळलं. त्या इटालियन बाई पुढे वाकून ऐकत होत्या, कारण खरखरीतून मधूनमधून त्याचा खरा आवाज दिसत होता. दुसरं गाणं सुरू झालं. मी आंटीचा हात धरला. शेवट आला, विलासने श्वास घेतला, वर गेला, आणि पत्रा फाटावा तसा आवाज झाला.

पियानोवाल्याचे हात थांबले. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

आणि मग दुसऱ्या रांगेतून मास्टर उठले. कोटाचं बटण लावलं. विलासने जिथे सोडलं होतं तिथून त्यांनी ती ओळ उचलली आणि तो वरचा सी लावला. पियानोवाला दचकून त्यांच्या मागे धावला. मास्टरांनी गाणं संपवलं. अख्खा हॉल उभा राहिला. त्या बाई स्टेजकडे न जाता मास्टरांकडे आल्या, त्यांचे दोन्ही हात धरले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी वय विचारलं. "सेहेचाळीस," साठीला टेकलेले मास्टर म्हणाले. बाईंनी मान हलवली, काहीतरी बोलल्या. त्यातलं एवढं मला नंतर कळलं, की वीस वर्षांपूर्वी तुम्ही कुठे होता?

विलास तसाच स्टेजवर उभा होता. खाली उतरायचं की थांबायचं, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघितलं. सगळे टाळ्या वाजवत होते. शेवटी त्यानेही वाजवल्या.

त्याच्या घशात आत रक्त साकळलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तीन महिने एक शब्दही बोलायचा नाही असं सांगितलं. तो पाटीवर लिहून बोलायचा. नंतर बोलणं परत आलं, पण घोगरं, आणि गाणं आलंच नाही. तो लेथवर परत आला. पुढच्या खंडेनवमीला एका नवीन माणसाने त्याला भजन म्हणायचा आग्रह केला. विलासने त्याच्या हातात नारळ दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या मागे गेले. तोच म्हणाला, "मास्तरांची चूक नाय, बाई. माझोच गळो हलको."

मास्टरांना मी मात्र आधीच जाऊन विचारलं होतं. डॉक्टरांचं कळलं त्याच संध्याकाळी. ते अंगणात होते, आंटी पायरीवर बसून बोंबील साफ करत होती.

"मास्टर, तुम्हाला माहीत होतं ना, त्याचा आवाज जाणार म्हणून?"

मला वाटलं ते चिडतील. त्यांनी मला समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं.

"बसा, सावंतबाई. एक गोष्ट सांगतो, कोणाला सांगितली नाही. इटलीत एका रात्री मुख्य टेनर आजारी पडला. मला उभं केलं. तिसऱ्या अंकात, ह्याच सुरावर, माझा आवाज फाटला. दीड हजार लोक. शिट्ट्या मारल्या, पैसे परत मागितले. मी नदीच्या पुलावर जाऊन उभा राहिलो होतो. समजलं? परबचा आवाज कुठेतरी फाटणारच होता. परक्या देशात एकटा असताना फाटला असता तर तो त्या पुलावरून परत आला नसता. इथे फाटला. रात्री घरी जाऊन जेवला. मी त्याला वाचवलाय."

ते इतक्या शांतपणे, इतक्या दुःखाने बोलले, की माझे डोळे भरले. मी विश्वास ठेवलाच होता.

"खोटं," आंटी म्हणाली. तिने मान वर केली नाही, बोंबलाचं डोकं कापून बाजूला टाकलं. "तिथे ह्याला कोणी कधी पुढे उभंच केलं नाही, सुलभा. सहा वर्षं मागच्या रांगेत, तीस माणसांबरोबर. आवाज फाटायला आधी गायला मिळावं लागतं. त्या पोराचा आवाज ह्याच्यापेक्षा मोठा होता. एवढंच आहे. बाकी काही नाही."

मी मास्टरांकडे बघितलं. ते रागावतील, नाही म्हणतील, रडतील, काहीतरी करतील असं मला वाटलं. त्यांनी रुमाल सारखा केला आणि माझ्याकडे बघून हसले. "बायकोचे कान चांगले आहेत," म्हणाले. "म्हणून तर केली."

महिन्याभराने आंटी उत्तनला बहिणीकडे निघून गेली. भांडण नाही, आवाज नाही. सकाळी एक टेम्पो आला आणि सहा माणसांनी पियानो बाहेर काढला. मास्टर दारात उभे राहून त्यांना सूचना देत होते. "हळू. डावीकडे घ्या. उंबरा आहे." पियानो टेम्पोत चढला, आंटी ड्रायव्हरशेजारी बसली. मास्टरांनी स्वतः पुढे होऊन तिच्या बाजूचं दार लावलं, नीट लागलंय ना ते ओढून बघितलं. टेम्पो गेल्यावर ते आत गेले. खोलीत जिथे पियानो होता तिथे भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अंगणातून सूर आला, रोजच्यासारखा. "फिलू, चाय" तेवढं आलं नाही.

आम्हीही त्याच वर्षी मुलुंडला सोसायटीत जागा घेतली आणि मरोळ सोडलं. विलासशी माझं बोलणं होत राहिलं, लग्नाला गेले, मुलीच्या बारशाला गेले. मास्टरांकडे जायचा प्रश्नच नव्हता. पण रेशनकार्ड बदलायचं राहिलं होतं, आणि रेशनिंग ऑफिसात सांगितलं, की जुन्या घरमालकाची सही आणा. दोन वर्षं टाळलं. शेवटी एका दुपारी गेले.

मास्टर वाळले होते. केस काळे करणं सोडलेलं, बनियन, लुंगी. रुमाल मात्र होता. मला बघून मनापासून खूश झाले. "या, या, सावंतबाई! बाळ कसंय?" मला मुलगा झाल्याचं त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. स्वतः चहा केला. फॉर्मवर सही करताना त्यांनी नाव पूर्ण, वळणदार काढलं.

आतल्या खोलीत एक मुलगी बसली होती. नर्सचा पांढरा गणवेश, मांडीवर गाण्याची वही. "ही ग्रेसी," मास्टर म्हणाले. "केरळची. हॉस्पिटलात वॉर्डमध्ये गुणगुणत होती, मी खाटेवर होतो. तिथेच पकडली." ग्रेसी लाजली आणि हिंदीत म्हणाली, "मास्टरजी बहुत अच्छे हैं. कभी गुस्सा नहीं करते." मग ते मला म्हणाले, "पाच मिनिटं बसा. ऐका."

पियानो नव्हता. मास्टरांनी एक सूर गुणगुणून दिला आणि ती गायला लागली. मी पोरीचा आवाज ऐकला आणि मला विलासचा तो शुक्रवारचा सूर आठवला. मास्टर डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी बघितला नव्हता.

पोरीला बाहेर बोलवून दोन शब्द सांगायला हवे होते. काय सांगणार होते, तेही मनात तयार होतं. मी उठले. सही केलेला फॉर्म पर्समध्ये ठेवला. "येते हं, मास्टर," म्हणाले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा उजवा हात ग्रेसीसमोर होता, तळवा वर, आणि तो हळूहळू वर उचलत होते. तिचा आवाज त्याच्याबरोबर वर चढत होता.

मी फाटक लावलं, वळून खिडकीतून एकदा बघितलं. हात अजून वरच चालला होता.